अर्ध्या शेपटीचे चौदा रॅकून

यंदाच्या उन्हाळ्यात मी एक साधा निर्णय घेतला. बायकोची कोंबडी रॅकूनला खाऊ द्यायची नाही. बस, एवढंच. यात जगावेगळं काही नाही, हे मलाही मान्य आहे. मिनेसोटातला कुठलाही नवरा असा निर्णय घेऊ शकतो, आणि माझ्यापेक्षा बऱ्याच कमी पेट्रोलमध्ये तो तडीस नेऊ शकतो.

निर्णयामागे थोडा इतिहास आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, काउंटीची जत्रा चार दिवसांवर आलेली असताना, मी खुराड्याची कडी लावायला विसरलो. विसरलो म्हणजे, मी खुराड्यापर्यंत गेलो, दार लोटलं, आणि नेमकं तेव्हाच मला आठवलं की गॅरेजमधला दिवा चालू राहिलाय. दिवा मी आठवणीने बंद केला. सकाळी मार्लिसची (म्हणजे माझ्या बायकोची) सॉल्व्हेग नावाची कोंबडी गेलेली होती आणि तिची पिसं तेवढी मागे राहिली होती. मार्लिसने ती जत्रेतल्या स्पर्धेसाठी दीड वर्ष वाढवली होती. सहा वर्षं मार्लिस तिथे दुसरी येत होती, आणि या खेपेला पहिला नंबर ठरलेलाच, असं सगळे म्हणत होते.

मार्लिस ओरडली नाही. आमच्याकडे कोणी ओरडत नाही. आम्ही नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. स्वतःच्या घराला आग लागली तरी आमचा माणूस शेजाऱ्याकडे जाऊन आधी हवापाण्याचं बोलतो आणि मग बादली मागतो. मार्लिसने पिसं गोळा केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वेगळंच झालं हं."

'वेगळंच' हा आमच्याकडचा सर्वांत जहाल शब्द आहे. माझ्या सासऱ्यांनी तो आयुष्यात दोनदाच वापरला, त्यातला एकदा मला पहिल्यांदा पाहिल्यावर. त्यानंतरचा अख्खा हिवाळा मार्लिस माझ्याशी अतिशय नीट वागली. (आणि आमचा हिवाळा एप्रिलपर्यंत असतो.) कसं काय विचारलं तर "बरं आहे" म्हणायची. रोज संध्याकाळी मी कडी लावायला खुर्चीतून उठलो की म्हणायची, "बस तू, मी जाते." बर्फात, वाऱ्यात, बूट चढवून ती स्वतः जायची आणि मी खिडकीतून बघत बसायचो. एकतीस वर्षांच्या संसारात मला इतकं नकोसं कधी वाटलं नव्हतं. तिने मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

मला ती कडी परत हवी होती. खरं म्हणजे या सगळ्या गोष्टीत मला दुसरं काहीच नको होतं.

यंदा मार्लिसने नवी कोंबडी तयार केली. इंगेबोर्ग. लोण्याच्या रंगाची, उशीएवढी फुगीर, आणि स्वभावाने आमच्या पाद्र्यांपेक्षा शांत. आणि मे महिन्यात रॅकूनही पुन्हा यायला लागला.

रॅकून म्हणजे मांजराहून थोराड प्राणी, डोळ्यांवर दरोडेखोरासारखा काळा पट्टा, आणि त्याला हात असतात. पंजे नव्हेत, हात. मी खुराड्याच्या बाहेरच्या दाराला आकडा लावला, तो त्याने दोन दिवसांत काढला. अडसर लावला, तो तीन दिवसांत. मग मी गिर्यारोहक वापरतात तसली स्प्रिंगची पोलादी कडी आणली. ती त्याने एका रात्रीत काढून पायरीवर नीट ठेवून दिली. (मला ती काढता येत नव्हती. मार्लिसला सांगावं लागायचं.) कोणीतरी म्हणालं, रॅकून माणसाच्या आवाजाला भितो, म्हणून मी खुराड्याला रेडिओ टांगला. त्यावर शेतमालाच्या भावांचा कार्यक्रम लागायचा. कोंबड्यांनी अंडी कमी केली. रॅकून मात्र रेडिओसमोर येऊन बसत असावा, कारण तिथली माती रोज सकाळी चांगली दबलेली असायची. आतल्या दाराला मार्लिसने स्वतः लावलेली कडी होती म्हणून इंगेबोर्ग जगली.

जूनच्या पहिल्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना हार्लन थॉर्सगार्ड माझ्याजवळ आला. हार्लन नदीपलीकडे राहतो, मका लावतो. त्याची बायको आर्डिस आणि मार्लिस शाळेपासूनच्या मैत्रिणी.

"रॅकून येतो म्हणे तुझ्याकडे," हार्लन म्हणाला.

"येतो एखादा."

"माझ्याकडे पिंजरा आहे. जिवंत पकडायचा."

"नको रे, कशाला उगाच."

"दोन आहेत माझ्याकडे."

"नको, तुलाच लागेल."

"गाडीत आणूनच ठेवलाय."

"आता आणलायसच तर मग..."

(दोनदा नाही म्हटल्याशिवाय आमच्यात काही घ्यायचं नसतं. तिसऱ्यांदा नाही म्हटलं तर समोरच्याचा अपमान होतो. या मोजदादीत चूक करून जेवायला बोलावलेल्या घरून उपाशी परतलेली माणसं माझ्या माहितीत आहेत.)

हार्लनने सगळं समजावून दिलं. आत मार्शमॅलो ठेवायचे, त्या साखरेच्या मऊ गोळ्या. मासे ठेवले तर गावभरची मांजरं येतात. रॅकून अडकला की वरून चादर टाकायची, अंधार झाला की तो गप्प बसतो. आणि सोडताना आत मुळीच डोकवायचं नाही. झडप उचलायची, पाठ फिरवायची आणि लांब जाऊन उभं राहायचं, कारण ते थेट तोंडावर येतात.

"सोडायचा कुठे?" मी विचारलं.

"मी तर नेहमी नदी ओलांडून सोडतो," हार्लन म्हणाला. "नदी मध्ये असली की परत येत नाहीत."

अनुभवी माणूस. मीही ठरवलं, नदी ओलांडायची. पूल ओलांडला की हार्लनच्या मक्यामागे थोडी झाडी आहे. ती झाडी तशी कोणाचीच नाही, म्हणजे हार्लनची आहे. पण त्याच्याकडे अजून एक पिंजरा होता, त्यामुळे मला फारसं वाईट वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी पिंजऱ्यात रॅकून. जाड, रुबाबदार, शेपटी मात्र अर्धीच. मी चादर टाकली, पिकअपमध्ये चढवला, नदीपार नेला, झडप उचलली, पाठ फिरवली आणि थर्मासमधली कॉफी प्यायलो. चार दिवसांनी दुसरा. त्याचीही शेपटी अर्धी. पुढच्या आठवड्यात तिसरा, तोही तसाच. ऑगस्ट उजाडेपर्यंत मी चौदा रॅकून नदीपार केले. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येकाची फुली मारली. मार्लिस येता-जाता फुल्यांकडे बघायची आणि कॉफीत साखर ढवळत राहायची.

मी काउंटीच्या कचेरीत वाहन परवान्यांच्या खिडकीवर बसतो. तिथे माझं नाव झालं. परवाना नव्याने काढायला आलेली माणसं आधी रॅकूनचं विचारायला लागली. मी चष्मा काढून सांगायचो, "चौदा. आणि एक लक्षात घ्या, आपल्या भागातल्या रॅकूनला शेपटी अर्धीच असते. थंडीमुळे असावं." लोक मान डोलवायचे. माझ्या खिडकीशी कोणी वाद घालत नाही. त्यांना परवाना हवा असतो.

या दिवसांत, माझी गाडी रिकामी असताना, पुलावर मला हार्लन बऱ्याचदा भेटायचा. मी कचेरीत जायचो तेव्हा तो समोरून यायचा. त्याच्या पिकअपमध्ये मागे काहीतरी असायचं, निळ्या चौकड्यांच्या टेबलक्लॉथने झाकलेलं. मला वाटायचं टोमॅटो असतील. एकदा ते टोमॅटो गुरगुरले. ज्याने त्याने आपल्या गाडीतून काय न्यावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही दोघं स्टिअरिंगवरून एकेक बोट उचलून नमस्कार करायचो आणि पुढे जायचो.

असं करत जत्रेचा आठवडा आला. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत कोंबडी तिथे दाखल करायची होती, गुरुवारी निकाल. मंगळवारी मार्लिसने इंगेबोर्गला आंघोळ घातली. तीन टबांत. पहिल्यात भांड्याचा साबण, दुसऱ्यात व्हिनेगर, तिसऱ्यात साधं कोमट पाणी. मग हेअर ड्रायर. मग तुऱ्याला आणि पायांना तेल. आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्यावर कोणी इतकी मेहनत घेतली नव्हती. शेवटी तिने इंगेबोर्गच्या पायाला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि तिच्यावर पेनाने लिहिलं, 'मार्लिस स्कोगेन'.

मार्लिस सगळ्याच वस्तूंना अशी चिकटपट्टी लावते. चर्चच्या जेवणाला नेलेली भांडी, झारे, छत्री, बर्फ काढायचं फावडं. नाव असलं की वस्तू कुठेही गेली तरी परत येते, असं तिचं म्हणणं. आणि येतेही. रिकामी येत नाही, कारण आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

त्या संध्याकाळी मी बेसबॉल बघत होतो. मागून मार्लिस काहीतरी म्हणाली, आणि मग म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हणालो. (शेवटची इनिंग चालू होती. आणि ती मला आपण होऊन काही सांगेल, याची वर्षभरात सवय राहिली नव्हती.)

बुधवारी पहाटे मार्लिस जत्रेतल्या चर्चच्या भोजनगृहात अॅपल-पायच्या पाऱ्या लाटायला गेली. मी सहाला उठून गॅरेजमध्ये आलो तर मधोमध पिंजरा, वर हिरवी चादर, नीट चारही बाजूंनी खोचलेली. मी जागच्या जागी उभा राहिलो. पंधरावा रॅकून अडकलेला पाहून मार्लिसने जाण्यापूर्वी स्वतः चादर टाकली होती, स्वतः पिंजरा आत आणून ठेवला होता, माझे कष्ट वाचावेत म्हणून. वर्षभरात तिने माझ्यासाठी केलेलं हे पहिलं काम. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

पिंजरा उचलला तर हलका वाटला. म्हटलं, लहान असेल.

पुलावर हार्लन समोरून आला. या वेळी त्याने गाडी थांबवली, म्हणून मीही थांबवली. आम्ही काचा खाली केल्या.

"ऑर्व्हल."

"हार्लन."

"उकाडा आहे."

"दुपारी वाढेल म्हणतात."

"पाऊस हवा थोडा."

"फार नको."

"नाही, फार नको."

त्याच्या टेबलक्लॉथखालून कोणीतरी पिंजऱ्याची जाळी खडखडवली. आम्ही दोघांनी नदीकडे बघितलं. मग माझ्या चादरीखालून 'कॉक्' असा आवाज आला.

"खोकला झालाय का तुला?" हार्लनने विचारलं.

"जरासा."

"मध घे."

"घेतो."

मला वाटलं, रॅकूनचा घसा बसला असेल. झाडीत पोचून मी झडप उचलली, पाठ फिरवली, लांब उभं राहून कॉफी घेतली. एरवी ते धूम ठोकतात. हा सावकाश, पाचोळा चाळत, मध्येच थांबत गेला. जाता जाता काहीतरी टिपल्यासारखं वाटलं. मी मनाशी म्हटलं, वळण चांगलं आहे. आणि वळून न बघता रिकामा पिंजरा गाडीत टाकून घरी आलो.

साडेसात वाजता दूध काढायला मी फ्रिजपाशी गेलो. दारावर चुंबकाखाली चिठ्ठी होती. 'इंगेबोर्ग पिंजऱ्यात आहे, गॅरेजमध्ये. खुराड्यात मळली असती. धुतलेली आहे, हात लावू नकोस. चारला येते. मा.'

हात मी लावला नव्हता. चिठ्ठीतली तेवढी एक सूचना पाळली गेली होती.

मी कचेरीत फोन करून कळवलं की आज येत नाही. पलीकडून विचारलं, "रॅकून का?" मी म्हणालो, "हो, त्यातलंच." आणि ऑफिसचा टाय तसाच गळ्यात घेऊन पुन्हा नदीपार गेलो. झाडीत इंगेबोर्ग नव्हती. मग मी मक्यात शिरलो. ऑगस्टमध्ये मका माझ्या डोक्याच्या दोन हात वर असतो. मी मार्लिससारखा बारीक आवाज काढून "इंगेबोर्ग, ये बाई, ये" अशी हाक मारत ओळींमागून ओळी पालथ्या घातल्या. गुडघ्यावर बसून बुंध्यांमधून लांबवर बघितलं. तीन तास गेले. एकदा लोण्याच्या रंगाचं काहीतरी दिसलं, ते वाळलेलं पान होतं. सॉल्व्हेग गेली तेव्हा मी निदान विसरलो तरी होतो. हिला मी स्वतः गाडीतून आणून सोडलं होतं.

तेवढ्यात ओळीच्या टोकाला हार्लनचे बूट दिसले.

"ऑर्व्हल."

"हार्लन." मी गुडघ्यावरच होतो.

"काही शोधतोयस का?"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण इंगेबोर्गचं सांगायचं तर चौदा रॅकूनचंही सांगावं लागलं असतं, आणि तेही त्यांच्याच झाडीशेजारी उभं राहून. मी म्हणालो, "नाही रे. मका बघत होतो."

हार्लनने पण मक्याकडे बघितलं. "कसा आहे?"

"चांगला आहे."

"गुडघ्यावर बसून बघतोयस."

"खालून कसा दिसतो ते बघत होतो."

"कसा दिसतो?"

"खालूनही चांगला आहे."

त्याने बराच वेळ मान डोलवली. "चल, जेवून जा."

"नको, नको."

"आर्डिसने ताट मांडलंय."

"अरे, कशाला उगाच."

"हॉटडिश आहे."

मोजून तिसरं झालं होतं, जावंच लागलं. दाराशी मी टोपी खुंटीला लावली आणि वळलो, तर हार्लनच्या बाहीवर एक पीस चिकटलेलं दिसलं. लोण्याच्या रंगाचं.

टेबलावर आर्डिसने ओव्हनमधून काढलेली हॉटडिश ठेवली. वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, खाली मशरूमचं दाट सूप, आणि त्यात मांसाचे पांढरे, मऊ तुकडे. मी त्या तुकड्यांकडे बघितलं. बाहीवरच्या पिसाकडे बघितलं. पुन्हा तुकड्यांकडे बघितलं.

"घे ना, ऑर्व्हल," आर्डिस म्हणाली. "आज सकाळीच केलंय. तुझा चेहरा का असा उतरलाय? उन्हात हिंडलास वाटतं."

"मका बघत होता," हार्लन म्हणाला.

"हो का," आर्डिस म्हणाली. "छानच."

मी खाल्लं. पानात वाढलेलं टाकणं आमच्याकडे शक्यच नाही, आणि थोडं खाल्लं असतं तर तिला वाटलं असतं आवडलं नाही, म्हणून मी दोनदा वाढून घेतलं. चव चांगली होती, हे सांगायला मला लाज वाटते. घास गिळताना मला आंघोळीचे तीन टब आठवत होते. मध्येच हार्लन उठला, "जरा जाऊन येतो" म्हणाला, आणि खिडकीतून तो टेबलक्लॉथने झाकलेलं काहीतरी गाडीत चढवताना दिसला. त्याच्याकडे पाहण्याचं बळ माझ्यात नव्हतं.

निघताना आर्डिसने एक काचेचं भांडं माझ्या हातात दिलं. जूनमध्ये मार्लिसने तिला त्यातून काहीतरी पाठवलं होतं. तळाशी चिकटपट्टी, 'मार्लिस स्कोगेन'. आणि भांड्यात उरलेली हॉटडिश.

"नको, आर्डिस."

"रिकामं कसं देऊ? मार्लिसला सांग, गरमच खा."

एक वाजता मी घरी पोचलो. गाडी रस्त्यावरच लावली, कारण गॅरेजमध्ये पाऊल ठेववत नव्हतं. भांडं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर चार वाजेपर्यंत बसून राहिलो. टोपी हार्लनकडेच राहिल्याचं तेव्हा लक्षात आलं. मला वाटलं, आता ती काय करायची आहे.

चारला मार्लिस आली. कोपरापर्यंत पीठ, चेहऱ्यावर जत्रेचा उत्साह.

"मार्लिस, बस."

"बसायला वेळ कुठाय? तिला सहाच्या आत पोचवायचंय."

"तिला पोचवायची आता गरज नाही," मी म्हणालो आणि भांडं पुढे सरकवलं.

तिने वरचा कागद उचलला. "आर्डिसची हॉटडिश."

"इंगेबोर्ग आहे," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. पिंजरा, चादर, पूल, खोकला, मका, पीस, एका दमात. "मला वाटलं, तू माझ्यासाठी झाकून ठेवलायस," हेही सांगून टाकलं. "मार्लिस, मी दोनदा वाढून घेतली. तुला जे बोलायचं ते बोल. फक्त 'वेगळंच' म्हणू नकोस."

खण उघडून मार्लिसने काटा घेतला, भांड्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला. दुःखाने माणसाचं काय होईल सांगता येत नाही, असं माझ्या मनात आलं.

"टर्की आहे," ती म्हणाली.

"काय?"

"टर्की! आर्डिसच्या भावाचा टर्क्यांचा फार्म आहे. गेली वीस वर्षं तिच्याकडे बुधवारी टर्कीच असते. अरे, एकतीस वर्षं माझ्या हातचं जेवतोयस, आणि तुला अजून कोंबडी कुठली आणि टर्की कुठली कळत नाही? जीभ आहे की बुटाचा तळवा?"

(वर्षभरानंतर ती मला पहिल्यांदा रागावली होती. मला फार बरं वाटलं.)

तिने मला दंडाला धरून गॅरेजमध्ये नेलं. मधोमध पिंजरा होता, हार्लनचा दुसरा, वर निळ्या चौकड्यांचा टेबलक्लॉथ. आत इंगेबोर्ग. स्वच्छ, फुगीर, तेल लावलेले पाय जागच्या जागी. ती आमच्याकडे बघून 'कॉक्' म्हणाली.

"हार्लन दुपारी ठेवून गेला," मार्लिस म्हणाली. "सकाळी आठलाच आर्डिसचा मला फोन आला होता. तुझी कोंबडी आमच्या पायरीवर बसलीय म्हणून. पायाला नाव होतं ना."

"मग हार्लनने मला मक्यात का नाही सांगितलं?"

"तू मका बघतोयस म्हणालास ना त्याला."

समोरचा मका बघतो म्हणाला तर त्याला कोंबडी शोधतोस असं म्हणणं, म्हणजे तो खोटं बोलतो म्हटल्यासारखंच. हार्लन तसा नाही.

"पण मी तिला तिथे सोडलं, हे त्याला कसं कळलं?"

"ऑर्व्हल, जूनपासून तू त्याच्या झाडीत रॅकून सोडतोयस. तो पकडून आपल्या कुंपणामागे आणून सोडतो. दर वेळी. तो निघाला की आर्डिस मला फोन करते."

"चौदाच्या चौदा?"

"चौदा नाहीत. एकच आहे."

मला कॅलेंडरवरच्या फुल्या आठवल्या. परवान्याच्या खिडकीशी मान डोलवणारी माणसं आठवली. "शेपटी..." मी म्हणालो.

"त्या एकाचीच अर्धी आहे."

"मग इतके दिवस तू मला सांगितलं का नाहीस?"

मार्लिसने इंगेबोर्गवरचा टेबलक्लॉथ नीट केला. "रोज सकाळी इतका खुशीत जायचास तू. आणि तो निम्मा वेळ कोणाच्या ना कोणाच्या गाडीतच असायचा. कोंबड्यांना त्रास कमी झाला."

सहाला दहा मिनिटं असताना आम्ही इंगेबोर्गला दाखल केलं. गाडी मार्लिसने चालवली.

गुरुवारी इंगेबोर्गचा पहिला नंबर आला. पिंजऱ्यावर निळी फीत, आणि खाली परीक्षकांचं कार्ड: 'पिसारा उत्तम. बांधा उत्तम. पक्षी विलक्षण शांत, प्रवासाची सवय दिसते.' मार्लिसने ते कार्ड दोनदा वाचलं आणि ती चारचौघांत, कोंबड्यांच्या मांडवात, कमरेत वाकून हसली. तिला असं हसताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मीही हसलो, आधी जरा परवानगी विचारल्यासारखा आणि मग मोकळा.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर मार्लिस खुर्चीत बसूनच राहिली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऑर्व्हल, कडी लावून येतोस?"

मी गेलो. कडी लावली. ओढून बघितली, पुन्हा लावली. परत येऊन बसलो, आणि पुन्हा जाऊन बघून आलो. मार्लिसने ते पाहिलं.

रविवारी सकाळी दाराबाहेरच्या ओट्यावर माझी टोपी होती. हार्लन ठेवून गेला असणार. अर्थात रिकामी नव्हती. आत मार्शमॅलोचं नवं कोरं पाकीट होतं. मी पाकीट काढलं तेव्हा टोपीच्या आतल्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. चिकटपट्टी. तिच्यावर पेनाने, ठळक अक्षरात, 'मार्लिस स्कोगेन'.

मी टोपी घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "ही कधी लावलीस?"

"लग्न झालं तेव्हा," मार्लिस अंडी पुसता पुसता म्हणाली.

"ही टोपी तीन वर्षांपूर्वीची आहे."

"टोप्या बदलल्या. पट्टी मी दर वेळी नवी लावते."

"पण टोपीला कशाला? टोपी कुठे जाणार आहे?"

"टोपीसाठी नाही रे," ती म्हणाली. "तू कुठे सापडलास, तर लोकांना कळायला नको का, कुठे आणून सोडायचं ते?"